कुंदाताई अर्नाळ्याला जातात

कुंदाताई मेहेर प्रत्येक गोष्ट आधी हुंगून बघत. कॅन्टीनचा चहा, कोऱ्या रजिस्टरची पानं, कुणी भेट दिलेली साडी. लॅबमधल्या बाटल्या तेवढ्या त्या नाकापासून लांब धरत, कारण तसा नियम होता आणि तो त्यांनीच भिंतीवर लावला होता. त्यांच्या स्वतःच्या डब्याचा वास मात्र अख्ख्या मजल्याला कळे. सुक्या बोंबलाची चटणी हा त्यांचा बारमाही पदार्थ. एकदा वरच्या ऑफिसातून तक्रार आली आणि डबे खाली कॅन्टीनमध्येच उघडावेत असं सांगण्यात आलं. ताई म्हणाल्या, "आपल्या चिमणीतून निघतं ते अख्ख्या बोईसरला चालतं, माझा बोंबील चालत नाही." एवढं बोलून त्या दुसऱ्या दिवसापासून निमूट खाली जाऊन जेवू लागल्या. नियम पटो न पटो, तो पाळायचा, आणि पाळताना त्याच्याबद्दल जे वाटतं ते स्पष्ट बोलायचं, अशी त्यांची रीत होती.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कंपनीत त्या लॅब इनचार्ज होत्या. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा पालघरच्या कॉलेजातून नुकतीच बीएस्सी झाले होते. आमचं गाव विक्रमगडच्या बाजूला. दिवाळी झाली की आईवडील वीटभट्टीवर जात आणि मी आश्रमशाळेत राही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे कुठल्या साहेबासमोर खुर्चीवर बसायचं आणि कुठल्यासमोर उभं राहायचं हेसुद्धा मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी उभीच राहिले. ताईंनी वर न बघता विचारलं, "गाव कुठलं?"

"विक्रमगड."

"मग बस, विक्रमगड. उभं राहून टायट्रेशन होत नाही."

तेव्हापासून मी त्यांच्या तोंडी विक्रमगडच राहिले. त्यांची सगळ्यांना हाक मारायची पद्धत हीच होती. पॅकिंगमधली शबनम त्यांच्यासाठी 'आझमगढ' होती, कॅन्टीनच्या लतामावशी 'डहाणू'. त्या स्वतः मुरब्याच्या. पालघरच्या पश्चिमेला खाडीच्या तोंडाशी मुरबे आहे आणि समोरच्या काठाला सातपाटी. त्यांचे वडील होडीवर तांडेल होते, म्हणजे होडीचे मुख्य. आता ती होडी त्यांचा थोरला भाऊ चालवतो. कॉलेजला असेपर्यंत ताई सकाळी आईबरोबर पालघरच्या बाजारात मासळीच्या पाट्या पोचवून मग वर्गात जाऊन बसत. "माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. मला आख्खा बाक मिळायचा," हे त्या हसत सांगत. मला ते ऐकून हसू यायचं नाही.

कामात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "एका नमुन्यावरून काही ठरवायचं नाही." मी रुजू झाले त्याच वर्षी एक नमुना बिघडलेला निघाला म्हणून एक बॅच त्यांनी अडवली. प्रॉडक्शनचे साहेब खाली आले. गाडी उभी आहे, ड्रायव्हर उभा आहे, तुम्ही सही करा म्हणाले. ताई म्हणाल्या, "ड्रायव्हरला चहा द्या." तीन वेगवेगळ्या पिंपांतून पुन्हा नमुने आणवले, मला बसवलं, स्वतः माझ्या मागे उभ्या राहिल्या. नमुने चांगले निघाले. बॅच ठीकच होती. साहेब म्हणाले, "बघा, उगाच वेळ गेला." ताई म्हणाल्या, "वेळ गेला, पण आता मला झोप येईल." आपल्यालाच चूक ठरवणारा निकाल आल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

अशा माणसाने शिडाच्या होडीतून बेटं फिरायची सहल काढावी, हे आम्हाला आधी थट्टेचंच वाटलं.

एका शनिवारी पहिली पाळी सुटल्यावर त्यांनी आम्हा पाचसहा बायकांना चहाच्या खोलीत थांबवलं आणि फळ्यावर किनाऱ्याची एक लांब रेघ ओढली. रेघेला लागून टिंबं काढली. अर्नाळा. मुंबई ओलांडून खांदेरी-उंदेरी. मुरूडचा जंजिरा. खाली अगदी फळ्याच्या कडेला मालवणचा सिंधुदुर्ग.

"आपण जायचं," त्या म्हणाल्या. "शिडाने."

लतामावशींनी विचारलं, "लाँच नाय का मिळत?"

"इंजिनाची होडी म्हणजे रिक्षा. ती बोईसर स्टेशनलाही मिळते."

शबनम घाबरून म्हणाली, "मॅडम, मेरे को तैरना नहीं आता."

"मलाही येत नाही," ताई म्हणाल्या. आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघत राहिलो. मुरब्याच्या तांडेलाच्या मुलीला पोहता येत नाही आणि ती आयुष्यात कधी होडीत बसलेली नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मुरब्याला तशी रीतच होती. होडी पुरुषांची, किनारा बायकांचा. होडी लागली की मासळी उतरवून घ्यायची, निवडायची, वाळवायची, विकायची, हिशेब बघायचा, सगळं बायकांनी. पण होडीला बाईचा पाय लागायचा नाही. लागला तर जाळं रिकामं येतं. ताई लहान असताना वडिलांना विचारत, "बाबा, तिकडं काय असतं?" वडील म्हणत, "पानी." ताई म्हणत, "पानी तं मला इथूनपन दिसतंय." त्या वेळी होड्यांना शिडं होती. ती लहान होत होत दिसेनाशी होताना त्या वाळूत बसून बघायच्या. मग इंजिनं आली, शिडं माळ्यावर गेली, वडीलही गेले. निवृत्तीला थोडे दिवस उरले, तशी ताईंना ती शिडं पुन्हा दिसायला लागली असावीत. तसं त्या बोलल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "गुडघे आहेत तोवर चढून घ्यावं."

मग दर शनिवारी बैठक. दर बैठकीत फळ्यावरचं एखादं बेट पुसलं जाई. सिंधुदुर्ग गेला, कारण इतके दिवस रजा कुणालाच मिळेना. जंजिरा गेला, कारण रात्र बाहेर काढायची तर लतामावशींच्या घरी विचारावं लागणार होतं आणि त्या विचारायला तयार नव्हत्या. खांदेरी-उंदेरी मुंबईच्या पलीकडे म्हणून गेली. मोठ्या बंदरातून शिडाने जायला ताईंच्या भावानेच फोनवर नकार दिला. शेवटी फळ्यावर एकटं अर्नाळा उरलं. मला वाईट वाटलं. ताईंना नाही. त्या फळ्याकडे बघून म्हणाल्या, "आता ही सहल वाटायला लागली. आधी नुसता भूगोल होता."

अर्नाळ्याची आखणी त्यांनी बॅचसारखीच केली. दिवस भांगाचा निवडला. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भरती-ओहोटीचा जोर कमी होतो, त्याला तिकडे भांग म्हणतात. पाण्याला ओढ नसते म्हणून मुरबेकरांच्या डोलीच्या, म्हणजे खुंटांना बांधून ठेवलेल्या, जाळ्यांत मासळी शिरत नाही आणि होड्या खाडीत बसून असतात. म्हणजे भावाचा धंदा बुडायला नको आणि पाणीही शांत. महिना माघ. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा घेऊन निघायचं आणि दुपारचा खारा वारा धरून दक्षिणेला उतरायचं. हे दोन्ही वारे मी आश्रमशाळेत पाठ केले होते, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. ते खरोखर वाहत असतील असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं. परत यायचं ते विरारवरून गाडीने. "येताना वारा तोंडावर असतो," ताई म्हणाल्या, "आणि तोपर्यंत तुम्हाला एकमेकींचा कंटाळा आलेला असेल." बंदराच्या ऑफिसात जाऊन भाडं न घेता, लाइफ जॅकेट घालून, दिवसाउजेडी जायला हरकत नाही हे त्यांनी विचारून घेतलं. तोंडी होकार मिळाल्यावर त्या उठल्याच नाहीत, लेखी मिळाल्यावर उठल्या.

उरला होता तो भाऊ. त्यासाठी एका रविवारी त्या मला मुरब्याला घेऊन गेल्या. मी बरोबर असले तर घरात आवाज चढणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

भाऊ जाळं विणत बसला होता. त्याने सगळं ऐकलं आणि सुतळी दाताने तोडत म्हणाला, "फोनवर मला वाटलं कंपनीचे बाप्ये येनार हायत. तू येनार?"

"मीच जाणार म्हणून तर आखलंय सगळं."

"शीड माळ्यावर हाय. उंदरांनी खाल्लं असंल."

"मग ठिगळ लावू."

तो हसला. हसला म्हणजे निम्मं काम झालं असं मला वाटलं. तेवढ्यात सुमनवहिनी, म्हणजे ताईंची भावजय, बोंबील वाळत घालायचे टाकून दारात येऊन उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"ताय, तुमी जाल आनि बोईसरला परत जाल," ती म्हणाली. "आमाला इथंच राहायचं हाय. उद्या उधानाला होडी रिकामी आली तं गाव तुमाला नाय बोलनार. मला बोलंल. यांच्याबरोबर खलाशी यायचे नाय. तवा तुमी काय नमुना तपासायला येनार?"

ताई उठून तिच्याजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "वयनी, तू नाय म्हनालीस तं नाय जात." मी ताईंच्या तोंडून मुरब्याची बोली पहिल्यांदा ऐकली.

वहिनी ओट्याच्या कडेला नख घासत राहिली. भाऊ जाळ्यात मान घालून बसला. शेवटी वहिनी म्हणाली, "मी हो नाय म्हनत. नायपन नाय म्हनत. पन होडी येईल तवा तुमी हितं किनाऱ्यावर माझ्याबरोबर उभं राहायचं. जे येईल ते दोघींनी बघायचं."

"राहीन," ताई म्हणाल्या.

परत येताना स्कूटरवर त्या एकदाच बोलल्या. "बाकी सगळं सांभाळता येतं, विक्रमगड. मासळीला कोण सांगणार?"

निघायच्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही सहा जणी चिखलातून चालत होडीशी गेलो. चढताना ताईंनी आधी होडीच्या कडेला हात लावून हात कपाळाला लावला, मग तोच हात नाकाशी नेला. भावाने त्यांना वर ओढलं. किनाऱ्यावर गावातल्या काही बायका उभ्या होत्या, कुणी हात हलवला नाही. वहिनी आली नव्हती.

खाडीच्या बाहेर पडल्यावर भावाने इंजिन बंद केलं आणि दोघा खलाशांनी शीड वर ओढलं. त्याला दोन निळी ठिगळं होती. एकदा फडफडून ते भरलं आणि होडी एका अंगाला कलली. इंजिन थांबल्यावर इतकी शांतता होते हे मला माहीत नव्हतं. शबनमने माझा दंड घट्ट धरला होता तो सोडला. डाव्या हाताला किनारा मागे सरकत होता, सुरूची झाडं दिसली तेव्हा भाऊ म्हणाला, केळवे आलं.

आणि केळव्यासमोर कुंदाताईंना उलट्या सुरू झाल्या.

आमच्यापैकी दुसऱ्या कुणालाही काही झालं नाही. मी तर डोंगरातली, मला वाटलं होतं मीच आडवी पडणार. मी शेंगदाणे खात होते. ताई कडेला ओणव्या होत्या आणि लतामावशी त्यांची पाठ चोळत होत्या. भाऊ सुकाणूवरून म्हणाला, "मुरब्याची पोरगी, आनि लाटंला भ्याली."

ताई तोंड पुसत म्हणाल्या, "मी नाय भ्याले. पोट भ्यालं. ते बोईसरचं हाय."

मधेच वारा पडला. मतलई संपला होता, खारा अजून सुरू झाला नव्हता. शीड पोतेऱ्यासारखं लोंबायला लागलं. भावाने इंजिनाकडे हात नेला. ताईंनी त्याला हाताने थांबवलं. बोलायची ताकद त्यांच्यात नव्हती. त्या डोलकाठीला पाठ टेकून बसल्या, पिवळं जॅकेट हनुवटीपर्यंत आलेलं, चेहरा पांढरा पडलेला, आणि चहूकडे बघत राहिल्या. बघण्यासारखं काही नव्हतं, सगळीकडे पाणीच होतं. पण त्यांनी ते फार सावकाश बघितलं, एका बाजूने सुरू करून पूर्ण फिरून परत त्या बाजूला येईपर्यंत. मग मानेवर गार वारा लागला, शीड हललं, आणि खलाशी म्हणाला, "आला."

अर्नाळ्याच्या किल्ल्यात बसून आम्ही भाकऱ्या खाल्ल्या. ताईंनी नुसतं लिंबाचं सरबत घेतलं. संध्याकाळी सगळ्या आपापल्या घरी होतो. सहल छान झाली असं आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो. ताई कुणाला काही सांगत नव्हत्या. त्यांची सहल अजून संपलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात पाण्याला ओढ लागली आणि होड्या बाहेर पडल्या. होडी परतायची त्या दिवशी ताईंनी अर्धी रजा टाकली. इतक्या वर्षांत त्यांची अर्धी रजा कुणी पाहिली नव्हती, टाइम ऑफिसमधून दोनदा विचारणा झाली. मलाही त्यांनी बरोबर घेतलं.

मुरब्याच्या किनाऱ्यावर वहिनी पाटी घेऊन उभी होती. ताई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या बायका हळू आवाजात बोलत होत्या, त्या दोघींच्या जवळ कुणी येत नव्हतं. मी ताईंना म्हटलं, "ताई, रिकामी आली तरी एका नमुन्यावरून काही ठरत नाही."

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते लॅबमध्ये, विक्रमगड. इथे एकच नमुना असतो."

त्यांचा पदर त्यांनी बोटाला गुंडाळला होता आणि बोट पांढरं पडलं होतं. एकेक होडी येत होती, लागत होती, ही काही येईना. मग खाडीच्या वळणावर ती दिसली. वहिनीने दोन पावलं पुढे टाकली. ताईंनी नाही.

होडी टेकली. भावाने सवयीने दोर फेकला. वहिनीने विचारलं, "काय हाय?"

त्याने दोघींकडे बघितलं. त्या कशाची वाट बघताहेत हे त्याला कळलं होतं, त्यामुळे त्याने जरा वेळ लावला, आणि तो वेळ मी त्याला अजून माफ केलेला नाही.

"रोजच्यासारखंच," तो म्हणाला. "बोंबील हाय, जवळा हाय. रोजच्यासारखंच."

होडी भरून ओसंडत नव्हती, रिकामीही नव्हती. कुणाला काही बोलायला जागाच नव्हती. ताई जिथे उभ्या होत्या तिथेच वाळूत बसल्या. रडल्या नाहीत. एक लांब श्वास सोडला आणि म्हणाल्या, "रोजच्यासारखं. वा."

वहिनीने पहिली पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि जाता जाता त्यांना म्हणाली, "उठा आता. साडी भिजली." मग थोडं पुढे जाऊन मागे वळली. "ताय, शीड लावलं का होडी कलते म्हनतात. पडायला होतं का?"

"नाय होत. धरून बसायचं."

"आनि उलटी?"

"ती मला झाली. तुला नाय होनार."

वहिनी पाटी घेऊन चालू लागली. पण संध्याकाळी तिने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि आमटी वाढताना शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला विचारलं की पुढचा भांग कधी.

त्या उन्हाळ्यात ताई निवृत्त झाल्या आणि नंतर मुलीकडे बडोद्याला गेल्या. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. नवीन मुलगी आली की आधी तिला बसायला सांगते. ताईंशी फोनवर बोलणं होतं. तिथल्या मासळीला वास नाही, ही त्यांची मुख्य तक्रार असते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या बडोद्याला जायच्या आधी, मुरब्यालाच. वहिनी आणि गल्लीतल्या बायका केळव्यासमोरच्या पाण्यातल्या किल्ल्यापर्यंत जाऊन परत येणार होत्या. बेत अर्थातच ताईंनी आखलेला. ऐन वेळी एक म्हातारी शेजारीण मीही येते म्हणाली आणि जॅकेट एक कमी पडलं. ताईंनी आपलं काढून तिला घातलं, पट्टे ओढून पाहिले आणि खाली उतरल्या. मी म्हटलं, "ताई, तुम्ही?" त्या म्हणाल्या, "मी आले की जाऊन."

होडी निघाली तेव्हा त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. एका हातात त्या सगळ्या बायकांच्या चपलांची पिशवी. भावाला ओरडून सांगत होत्या की शीड सैल आहे, ओढ. मग पाण्यातून बाहेर आल्या. किनाऱ्यावर, होडीतून गेलेल्या बायकांची पोरं दप्तरं घेऊन उभी होती, त्यांना शाळेत पोचवायचं होतं, आणि तेही बेतात धरलेलं होतं. दोघांना त्यांनी हाताला धरलं, बाकीची मागे. पोरं चालता चालता सारखी वळून होडीकडे बघत होती. त्यातल्या धाकटीने विचारलं, "आये कवा येल?"

"येल दुपारला," कुंदाताई म्हणाल्या, आणि तिला ओढत नेऊ लागल्या. "चल. शाळा भरंल."